पायथ्याचे दर्शन

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल म्हणजे काळ्या बसाल्ट खडकाचा सुमारे २०० फूट उंचीचा उभा सुळका. माथ्यावर गावदेवी-दुर्गामातेचे मंदिर असून तेथवर पायऱ्यांनी चढावे लागते. निरोगी भाविकाला ही चढण म्हणजे फार तर थोडी धाप. दमा आटोक्यात नसलेल्याची मात्र वाटेतच छाती आवळू लागते आणि श्वासाबरोबर मनही कोंडते. नवस अपुरा राहिला, बरोबरच्या मंडळींचा खोळंबा झाला, या विचारांचा जाच कित्येकदा धापेहून अधिक असतो. देहाने घातलेली मर्यादा ही भक्तीतील उणीव मानावी काय?

चरकसंहितेत श्वासविकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'तमक श्वास' आजच्या दम्याशी बराचसा जुळतो. ढगाळ हवा, थंडी व पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो, रुग्णाला आडवे होण्यापेक्षा बसून बरे वाटते, इतके बारीक निरीक्षण तेथे आहे. नुकताच जडला असेल तर तो साध्य. एरवी 'याप्य', म्हणजे समूळ न जाणारा, पण पथ्य व औषध यांच्या आधारे ज्याच्यासह आयुष्य चालविता येते असा. साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये पूर्वसूरींनी ही जागा राखून ठेवली, हे फार मोलाचे. आपले मन मात्र दोनच टोके जाणते: रोग गेला तर कृपा, राहिला तर कोप. या हिशेबात देवावरही अन्याय होतो आणि रुग्णावरही.

शरमेचेही तसेच. चष्मा लावताना कोणी ओशाळत नाही. पंप मात्र पदराआड घेतला जातो. त्याची सवय लागते, हा समज अजून घरोघरी आहे. वस्तुतः ते औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, म्हणून गोळीपेक्षा पुष्कळ कमी मात्रा पुरते. नियमित उपचारांनी अनेकांना चढणही जमते. आपली मर्यादा खरोखर कुठवर आहे, हे डॉक्टरांना विचारावे, मनातल्या भीतीला नव्हे.

तथापि सारेच निमूटपणे सोसावे असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागून पूर्व उपनगरांत धूर पसरला. काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर म्हणजे प्रारब्ध नव्हे. बांधकामांची धूळ, फटाके आणि, स्पष्टच सांगायचे तर, बंदिस्त गाभाऱ्यात कोंदलेला धूप-कापूर हेही माणसांचेच करणे. तेथे 'थोडे दाराशी उभे राहू द्या' असे म्हणण्यात कसला कमीपणा?

पंढरपुरी गर्दीमुळे ज्यांना आत जाता येत नाही, ते नामदेव पायरीला मस्तक टेकवून, कळसाला हात जोडून परततात. त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी मानत नाही. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी थांबणाऱ्यानेही असेच खुशाल टेकावे. वर जाणाऱ्यांनी फक्त एक ध्यानी ठेवावे: पंप असलेली पिशवी चुकून आपल्याबरोबर वर नेऊ नये.