शोक, विषाद आणि त्यांची नावे

घरातील कर्ते माणूस गेले की मागे राहिलेली पत्नी महिनोन् महिने अबोल होते. अन्नावरून तिचे मन उडते. कोणी याला शोक म्हणतो, कोणी नैराश्य, तर कोणी ‘फार उदासीन झाली हो’ असे म्हणून मोकळा होतो. नावात काय मोठेसे, असे वाटेल. पण तिला डॉक्टरांकडे न्यावयाचे की नाही, हे पुष्कळदा त्या नावावरच ठरते.

‘उदासीन’ हाच शब्द पाहावा. उद् म्हणजे वर, आसीन म्हणजे बसलेला. सुखदुःखाच्या वर बसून समभावाने पाहणारा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत तो गौरवाने आला आहे. मराठी बोलण्यात मात्र तो खिन्न माणसास चिकटला, आणि झोप व जगण्याची इच्छा हरपलेल्यालाही आपण कधी कधी विरक्त समजून नमस्कार करतो! ही गफलत आम्हांस केवळ भाषेची वाटत नाही.

शास्त्राची परिभाषा तरी स्थिर आहे काय? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेप्रमाणे आप्तनिधनानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतील खिन्नता सामान्यतः विकार मानावयाची नव्हती. २०१३ साली हा अपवाद काढण्यात आला, तेव्हा ‘शोकालाच रोग ठरविता काय?’ असा आक्षेप खुद्द काही तज्ज्ञांनीच घेतला. पुढे २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निराळे नाव आले. प्रौढांसाठी त्याची मर्यादा किमान एक वर्षाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र सहा महिन्यांची. म्हणजे आठव्या महिन्यात त्याच विधवेच्या त्याच अवस्थेला एक ग्रंथ विकार म्हणू शकतो, दुसरा म्हणत नाही. (त्या एका वर्षाचे वर्षश्राद्धाशी साम्य दाखवून कोणी अभिमान मिरवू नये, वर्षश्राद्ध हा विधी आहे, निदान नव्हे.)

म्हणून व्याख्या निरर्थक ठरतात, असे आम्ही म्हणत नाही. शेताला बांध लागतोच. तो माणसाने घातलेला आहे, एवढे ध्यानी असावे. महिन्यांच्या हिशेबापेक्षा २०१३ च्या पुस्तिकेतील एक टीप आम्हांस अधिक मोलाची वाटते. शोक लाटांनी येतो, गेलेल्याच्या आठवणीने उसळतो, मधूनच एखाद्या जुन्या गोष्टीवर हसूही येते, आणि स्वतःविषयीचा आदर बहुधा टिकून राहतो. विषादाच्या आजारात मन सतत झाकोळलेले असते, आणि ‘मी कुचकामी आहे’ हा विचार सुटत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हेही तेथे नमूद आहे. घरच्या माणसांना हा फरक डॉक्टरांच्याही आधी दिसू शकतो, कारण रात्री दिवा कोणाचा जळतो हे त्यांनाच ठाऊक असते. ‘आता जगून काय करू’ हे शब्द वारंवार कानी पडू लागले, तर तेरावा झाला की वर्ष सरले, हे मोजीत न बसता त्या माणसास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.