दहा सेंटांची पोथी

लहान मुलांनी वाचावे, दुमडून खिशात कोंबावे आणि फाटले की फेकून द्यावे, एवढ्याच हेतूने छापलेले एक पुस्तक एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात साठ लाख डॉलरना विकले गेले. आपल्या हिशेबाने ही रक्कम पन्नास कोटी रुपयांच्या घरात जाते. पुस्तकाचे नाव 'अ‍ॅक्शन कॉमिक्स', अंक पहिला, जून १९३८. छापील किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर निळ्या कपड्यांतला, पाठीवर तांबडा शेला सोडलेला एक धिप्पाड पुरुष हिरवी मोटार दोन्ही हातांनी उचलून खडकावर आपटतो आहे आणि माणसे जीव घेऊन पळत आहेत. सुपरमॅनचे हे पहिले दर्शन.

अशी बातमी आली की घरोघर तिच्यावर दोन मते पडतात. एक म्हणतो, पैसा माजला की माणसाला वेड लागते. दुसरा म्हणतो, ज्याचा पैसा त्याची हौस. आपल्या बापाचे काय जाते? दोन्ही मते रोखठोक आहेत, आणि दोहोंनंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. मला मात्र एक निराळीच शंका सतावते. पन्नास कोटी मोजून हा गृहस्थ घरी गेला तेव्हा तो नेमका कशाचा मालक झाला? कागदाचा म्हणावे, तर कागद रद्दीच्याच जातीचा. गोष्टीचा म्हणावे, तर ती गोष्ट नव्या छपाईत कोणालाही थोडक्या पैशांत मिळते. मग त्याने विकत घेतले ते काय?

किंमत कशी चढली ते आधी पाहू. या अंकाच्या दोन लाखांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या. आज सगळ्या मिळून शंभरेक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या कुठे गेल्या? पोरांनी वाचल्या, एकमेकांत बदलल्या, पावसात भिजवल्या. आयांनी माळे साफ केले. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे देशकार्याला गेले. १९४८ च्या सुमारास काही गावांत शाळकरी मुलांकडूनच कॉमिक्सच्या होळ्या करवल्या गेल्या. १९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने या पुस्तकांनी मुले बिघडतात असा ग्रंथ लिहिला, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर नियमांचे कुंपण घालून घेतले. म्हणजे साठ लाख डॉलर ही या एका प्रतीची किंमत नव्हेच. हरवलेल्या, जळालेल्या आणि वाचून चिंध्या झालेल्या दोन लाख प्रतींची ती किंमत आहे. ज्या पोरांनी आपापल्या प्रतीचा वाचून फडशा पाडला, त्यांनीच ही प्रत महाग केली. पण त्या साठ लाखांत त्यांचा वाटा नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये 'सुपरमॅन' मासिकाचा ७५ वा अंक निघाला. त्यात नायकाचा मृत्यू होता. खास प्रत काळ्या पिशवीत बंद करून दिली होती, आत दंडाला बांधायची काळी फीतही होती. जुन्या अंकांच्या किमती तोवर सर्वांना ठाऊक झाल्या होत्या. लोकांनी रांगा लावल्या, एकेकाने पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न फोडता कपाटात ठेवल्या; पोरांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून. अंक लाखांनी खपला आणि लाखांनी जपला गेला. आज त्याला कोणी फारसे विचारीत नाही. यातला न्याय मला मोठा मौजेचा वाटतो. ज्या पिढीने किमतीचा विचार न करता वाचले, तिच्या मागे मोलाची वस्तू उरली. ज्या पिढीने किमतीसाठीच न वाचता ठेवले, तिच्या मागे काळी पिशवी उरली. साठेबाजाला दुर्मिळता निर्माण करता येत नाही. इतरांच्या हरवण्यातून ती आपोआप तयार व्हावी लागते.

आता लिलावाकडे वळू. 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला; त्याच्या मागे दडलेला हव्यास मात्र कोणी आणावा लागला नाही. दुकानात आपण वस्तूकडे पाहतो, लिलावात शेजाऱ्याकडे. तो वाढला की आपण वाढतो. सरतेशेवटी जिंकणाऱ्याला किती द्यावे लागते? त्याला स्वतःला वस्तू केवढ्याची वाटते यावर ते ठरत नाही. त्याच्या खालोखाल जिद्द धरणारा कुठे थांबला, त्यावर ठरते. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणून हातोडा पडतो त्या क्षणी त्याला कळून चुकते की, एवढे पैसे द्यायला तयार असलेला दुसरा कोणी या दालनात नाही. आनंदाच्या क्षणी असे ज्ञान होणे वाईटच. तेलाच्या जागांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांचा अनुभव पाहून तीन अमेरिकन तंत्रज्ञांनी १९७१ मध्ये याच गोष्टीवर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, पुष्कळांनी अंदाज बांधला असता जिंकतो तो बहुधा सर्वांत फुगवून अंदाज बांधणारा. जिंकणे हाच त्याला शाप ठरतो.

पण त्यासाठी तेलापर्यंत जायला नको. इ. स. १९३ मध्ये रोमच्या राजरक्षक सैनिकांनी सम्राट पर्टिनॅक्सला ठार मारले आणि साम्राज्यच लिलावात काढले. मेलेल्या सम्राटाचा सासरा छावणीच्या आतून बोली लावीत होता आणि डिडियस जुलियानस नावाचा धनिक भिंतीबाहेरून ओरडून वाढवीत होता. शेवटी दर सैनिकामागे पंचवीस हजार नाणी कबूल करून जुलियानस सम्राट झाला. सहासष्ट दिवसांनी त्याचाही वध झाला.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. जुनी कॉमिक्स हा त्याचा नाद. त्याच्या बोली या वर सांगितलेल्या आकड्यांच्या पासंगालाही पुरणाऱ्या नव्हेत. तरी नाद तो नादच. त्याची एक रीत मला फार आवडली. लिलावाच्या आदल्या दिवशी तो एका चिठ्ठीवर आकडा लिहितो आणि चिठ्ठी बायकोच्या स्वाधीन करतो. दुसऱ्या दिवशी त्यापुढे एक डॉलरही नाही. मी म्हटले, "अरे, एका डॉलरसाठी वस्तू हातची जायची." तो म्हणाला, "मामा, कालच्या मला ती वस्तू हवी होती. आजच्या मला फक्त तो पलीकडचा माणूस हरायला हवा असतो." मोक्षाच्या गप्पा मारणाऱ्यांना जे सांगता येत नाही ते या पोराने पडद्यासमोर बसून शिकून घेतले आहे. हवेपण आणि हरवण्याची खुमखुमी या दोन वासना दिसायला जुळ्या. त्या ओळखायला आदल्या दिवसाची चिठ्ठी लागते.

जिंकलेल्या वस्तूचे पुढे काय होते? अमेरिकेत २००० सालापासून एक पद्धत रुळली आहे. कॉमिक तपासणाऱ्या कंपनीकडे प्रत पाठवायची. तिथे पाने मोजतात, डाग, घड्या, पिनांचा गंज पाहतात, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात आणि प्रत पारदर्शक कठीण डबीत कायमची बंद करतात. डबी फोडली की गुण गेले. पन्नास कोटींची गोष्ट अशी की, तिचा मालक तिचे दुसरे पान उलटीत नाही.

यावर हसणे सोपे आहे, पण संग्राहकाचीही बाजू आहे. वर्तमानपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडतो, मग तांबूस होतो आणि एके दिवशी बोटांत चुरतो. कोणी वेड्यासारखे जपले नसते तर शंभर काय, एकही प्रत उरली नसती. आपल्याकडे पोथी तांबड्या फडक्यात बांधून ठेवीत, तिला उघडा हात लावू देत नसत. तेही जपणेच. फरक एवढाच की चातुर्मास आला की ते फडके सुटत असे. ज्याचे फडके कधीच सुटत नाही, ती पोथी राहते का?

आणखी एक देणे आहे. सुपरमॅन ज्यांच्या डोक्यातून निघाला ते जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण. १९३८ च्या मार्चमध्ये त्यांनी तेरा पाने आणि त्यांबरोबर सुपरमॅनचे सारे हक्क एकशेतीस डॉलरना लिहून दिले. पुढे कज्जे झाले, हाल झाले. शूस्टरची दृष्टी अधू झाली. १९७५ मध्ये बरीच बोंबाबोंब झाल्यावर दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. आणि २०१२ मध्ये काय व्हावे? ते एकशेतीस डॉलर ज्या धनादेशात होते, तो वटवलेला, निकामी कागद लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना गेला. फ्रान्सने १९२० मध्ये कायदा केला की चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला थोडा हिस्सा द्यावा. आपल्या कायद्यातही १९९४ पासून मूळ चित्रे आणि हस्तलिखिते यांच्यासाठी तशी सोय आहे. छापील प्रतीला ती लागू नाही, आणि लागू असावी असा माझा आग्रहही नाही. दहा सेंट देणाऱ्याने आपला व्यवहार पुरा केलेला असतो. पण कायद्याचे देणे फिटले म्हणून सगळे देणे फिटत नाही. कर्त्याचे नाव ठाऊक असणे आणि त्याची गोष्ट वाचणे, इतके तरी मालकाकडून येणे आहे.

हे सगळे मी इतक्या तावातावाने मांडतो आहे, कारण प्रश्न माझ्या घरात आला आहे. भारतात १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला मुखवटाधारी फँटम त्यांतून मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. ताईने आणि मी खाऊच्या पैशांत घेतलेल्या वेताळाची एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. भाच्याचे म्हणणे, आता यांनाही गिऱ्हाईक आहे. पाने चुरायच्या आत डब्यांत बंद करू, नाही तर विकू. ताईचे म्हणणे, "विका, नाही तर नदीत सोडा, आधी मला एकदा सगळी वाचून काढू द्या." मी मध्ये.

निर्णयाला मदत झाली ती २०२४ च्या एका घटनेची. कॅलिफोर्नियातील तीन भावांना आई गेल्यावर माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, एक खोके सापडले. लहानपणी आईने आणि तिच्या भावाने घेतलेली कॉमिक्स त्यात होती. त्यांतला १९३९ चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्क्याण्णव लाख वीस हजार डॉलरना गेला. आपल्याकडे मोलाची कॉमिक्स आहेत असे आई मुलांना सांगत असे, पण तिने ती कधी दाखवली नव्हती. लोक त्या आकड्यावर थांबतात. माझे मन त्या बहीणभावांशी थांबते. एकत्र बसून मोठ्याने वाचताना कोण कोणाचा आवाज काढीत असेल, हे सांगणारे आता कोणी नाही. खोके जपले गेले, आणि तेवढे हातचे गेले.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे. या दिवाळीत पेटी ताईकडे जाईल. ती वाचील, नातवंडांना वाचून दाखवील. फराळाच्या हातांना मज्जाव नाही, फक्त तेलकट बोटे पुसून घ्यावीत. तुळशीच्या लग्नानंतर भाचा सांगेल ते अंक विकायला हरकत नाही. ज्याला हवे आहेत त्याने ते खुशाल डबीत ठेवावेत. तो ते आपल्यापेक्षा अधिक दिवस टिकवील आणि त्याचे ते काम आहे. विकत घेणारा मालक होतो तो टिकवण्याच्या जबाबदारीचा. गोष्टीचा मालक व्हायचे, तर निदान एकदा वाचक म्हणून तिच्यापुढे बसावे लागते, आणि ती बैठक हातोड्याने विकत मिळत नाही.

चारपाच अंकांच्या मुखपृष्ठावर मात्र ताईने शाईने आपले नाव, इयत्ता आणि तुकडी लिहून ठेवली आहे. भाचा म्हणतो, मुखपृष्ठावरची लिखावट हा मोठा दोष. असल्या प्रतींचे गुण फार खाली जातात, यांना कोणी विचारणार नाही. ते अंक घरीच राहतील.