परवाना न लागणारे दुकान

आयुर्वेदिक औषध बनवायचे तर सरकारचा परवाना लागतो. विकायचे तर लागत नाही. औषधांचा कायदा 1940 चा. त्यात 1964 साली आयुर्वेदासाठी वेगळे प्रकरण घातले गेले. परवान्याची अट कारखानदारावर आली, दुकानदार त्यातून सुटला. शेजारच्या मेडिकलवाल्याला फार्मासिस्ट ठेवावा लागतो, परवाना भिंतीवर लावावा लागतो, काही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी जांभूळ गावचा. बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात काष्ठौषधी, चूर्णे, काढे आणि बाटलीतले रस विकून घर चालवतो. माझ्याकडे दुकानाची नोंदणी आहे, खाण्याच्या वस्तू ठेवतो म्हणून अन्न नोंदणी आहे. पण मला हिरडा आणि बेहडा वेगळा ओळखता येतो का, हे आजवर एकाही अधिकाऱ्याने विचारलेले नाही.

या मोकळीकीचा मला आनंद वाटत असे. हल्ली तिचे ओझे वाटते. कायदा जिथे थांबतो तिथून पुढे गिऱ्हाइकाचे रक्षण मीच करायचे, आणि त्याच गिऱ्हाइकाकडून माझा गल्लाही भरायचा. ही दोन कामे एकाच माणसाकडे असावीत का? स्वतःला हा प्रश्न विचारायला मला उशीर झाला आहे, पण विचारला आहे तर उत्तर खरे द्यायला हवे.

आमच्या भागात जांभळाला मान आहे. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगामात आया-बाया पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. फळ खाल्ले जाते आणि बी वाळवून तिची पूड होते. ती पूड ‘साखरेवर’ म्हणून वर्षभर खपते. माझ्याकडे सर्वांत जास्त विचारणा तिचीच. पूड हातात घेऊन एखादी मावशी विचारते, ‘‘दादा, ही सुरू केली तर साखरेची गोळी बंद केली तर चालेल ना?’’

या प्रश्नाला ‘बंद करा’ म्हणणारा दुकानदार निराळाच. त्याच्याविषयी मला काही बोलायचे नाही. ‘बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा’ हे उत्तर सरळ आहे. पण धंदा जगतो तो तिसऱ्या उत्तरावर. ‘‘घेऊन तर बघा, पुष्कळांना फरक पडलाय.’’ या वाक्यात खोटे काही नाही. फरक पडल्याचे सांगणारे लोक असतातच. ज्यांना पडला नाही ते परत येत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज माझ्या दुकानात कधी ऐकू येत नाही. मावशीने गोळीविषयी विचारले होते. तिसऱ्या उत्तरात गोळीचा उल्लेखच नाही. तिने तो आपल्या मनाने भरायचा. पूड खपते ती त्या भरलेल्या जागेमुळे, आणि ती जागा रिकामी सोडणारा दुकानदारच असतो. मनाशी मी हे असे मांडले, तेव्हा ‘मी तर कुणाला गोळी सोडा म्हणालो नाही’ हा माझा नेहमीचा बचाव गळून पडला.

1954 चा एक कायदा आहे, औषधे आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या अनुसूचीत 54 आजार आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, संधिवात, मुतखडा, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीसुद्धा त्यात आहे. या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करायची नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मला थांबवले ते जाहिरातीच्या व्याख्येने. त्यात पत्रक आले, लेबल आले, वेष्टन आले, आणि तोंडाने केलेली घोषणाही आली. काउंटरवर एका गिऱ्हाइकाशी केलेले बोलणे त्यात बसते की नाही, त्याचा कीस वकिलांनी काढावा. सत्तर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना एवढे नक्की कळले होते की औषध कागदापेक्षा जिभेवर जास्त विकले जाते. माझ्या दुकानात फलक नाही, फेसबुकचे पान नाही. माझी सगळी जाहिरात माझ्या तोंडात आहे.

ती पूड कायद्याच्या नजरेतून पाहिली की चक्रावायला होते. आख्खी बी पोत्यात ठेवून विकली तर ती किराणा मालासारखी. डबीत भरून चौदा आकडी अन्न परवान्यासह, पूरक आहार म्हणून विकली तर तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. आयुर्वेदिक कारखान्याने बनवली तर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, मुदत हे सगळे लेबलवर हवे. आणि मी मागच्या खोलीत मिक्सरला दळून पुडीवर ‘मधुमेहावर’ असे लिहिले, तर ते विनापरवाना औषधनिर्मितीत जमा होते. आपल्या स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला कायद्याने सूट दिली आहे. मी वैद्य नाही, माझ्यासमोर उभी असते ती माझी रुग्ण नाही. बी तीच, दळण तेच. गिऱ्हाइकाला या चार कप्प्यांचा पत्ता नसतो. मला असतो. ज्याला माहीत आहे त्याच्यावर जबाबदारी जास्त येते, एवढे कळायला कायदा लागत नाही.

पुडीत गुण आहे का? उंदरांवरच्या प्रयोगांत जांभळाच्या बीने साखर उतरल्याचे निष्कर्ष आहेत. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन पाहिला, तेव्हा त्याने साखर उतरली नाही. तुलनेसाठी दिलेल्या नेहमीच्या गोळीने उतरली. पाने म्हणजे बी नव्हे, हे मान्य. पण गिऱ्हाईक माझ्याकडून विकत घेते ती खात्री असते, आणि तेवढी खात्री माझ्या पुडीत नाही.

सरकारी नियंत्रणाचा विषय निघाला की आमच्या धंद्यात एक वाक्य हमखास येते. ‘मोठ्या औषध कंपन्यांना आपले पारंपरिक ज्ञान संपवायचे आहे.’ मीही ते म्हटले आहे, मनापासून म्हटले आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. मुरबाड, शहापूरच्या रानातला कातकरी आणि ठाकूर माणूस वेल पाहून सांगतो की ही गुळवेल आहे, ही नाही. करोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून नामांकित औषध कंपन्यांना पुरवली आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या घरांत पैसा आला. अशा माणसांवर कागदांचा ढीग टाकला तर ती पहिली मरतील आणि मोठा कारखानदार टिकेल, ही भीती खरी आहे.

त्याच काळातली दुसरी हकीकतही गुळवेलीचीच. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या महिन्यांत मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांना दिसले. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, दिसायला तशीच असणारी दुसरी जात असू शकते. वाद तज्ज्ञांचा आहे, त्यात मी पडत नाही. पण मंत्रालयाचा आक्षेप खरा धरला तर माझी सुटका होत नाही, उलट मी अडकतो. वेल ओळखण्यात चूक झाली असेल तर ती रान आणि पोट यांच्या मधे कुठेतरी झाली, आणि त्या मधल्या वाटेवर माझ्यासारख्यांची दुकाने आहेत. ज्या कातकऱ्याला वेल ओळखता येते त्याचे नाव माझ्या पोत्यावर नसते. घाऊक बाजारातून आलेले तुकडे कोणत्या वेलीचे, ते वाळल्यावर मलाही सांगता येत नाही. म्हणजे पारंपरिक ज्ञान ज्याचे, तो बाजूलाच राहिला. त्याच्या नावाची ढाल मात्र मी पुढे धरत आलो.

नियंत्रण म्हणजे जाच, हे समीकरण माझ्या मनात इतके पक्के होते की आमच्याच गावात रोज घडणारी गोष्ट मला दिसली नाही. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात बारवी धरणाचे पाणी येते, गाळले जाते, तपासले जाते आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत नळाला जाते. पाणी नैसर्गिकच आहे, धरण भरते ते पावसाने. तरी ते न तपासता सोडा असे कुणी म्हणत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द बाटलीवर छापला की तपासणीची गरज संपते, ही समजूत फक्त आमच्या रॅकपुरती कशी चालते? बिब्बा, कुचला, बचनाग हीसुद्धा निसर्गाचीच देणी आहेत. त्यांचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या, अशी सूचना लेबलवर छापण्याची सक्ती आहे.

जाहिरातींच्या बाबतीत जे झाले ते मी जवळून पाहिले. डिसेंबर 2018 मध्ये नियम 170 आला: आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून क्रमांक घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिले की या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै 2024 मध्ये नियमच काढून टाकला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते प्रकरण निकाली निघाले तेव्हा स्थगितीही गेली. आमच्या व्यापाऱ्यांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. मलाही बरे वाटले. त्या बरे वाटण्याची मी चौकशी केली. मी जाहिरात देत नाही, मला क्रमांक घ्यावा लागणार नव्हता, माझे एक पैचे नुकसान होणार नव्हते. मग बरे का वाटले? जाहिरातीने आधीच पटलेले गिऱ्हाईक माझ्या दुकानात येते, म्हणून. दावा दुसऱ्याने करायचा, खप माझा व्हायचा, आणि खोटेपणाचे पाप माझ्या नावावर पडायचे नाही. ही सोय हातची जाऊ नये, एवढेच ते समाधान होते.

अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आपल्या सरकारने आदेश काढला आणि 1 जानेवारी 2006 पासून वनस्पतीजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. सक्ती केली ती निर्यातीच्या मालाला. परदेशी गिऱ्हाइकासाठी तत्परता दाखवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. माझ्या दुकानात येणारी मावशी अशी तपासणी मागत नाही, कारण ती मागता येते हेच तिला कुणी सांगितलेले नाही. मीही नाही.

आता मी धंद्यातल्या लोकांना आवडणार नाही असे म्हणतो. आम्हा विक्रेत्यांना नोंदणी सक्तीची करावी. ती स्वस्त असावी, तालुक्याच्या ठिकाणी मिळावी, तिच्यासाठी काही दिवसांचे प्रशिक्षण असावे: वनस्पतींची ओळख, लेबल वाचणे, कोणत्या आजारात हात आखडायचा ते. रानातून माल आणणाऱ्यांची नोंद नावानिशी व्हावी. तिचा खर्च त्यांच्यावर पडू नये, तो घाऊक व्यापाऱ्याने आणि आम्ही सोसावा. प्रत्येक विक्रीला बॅच क्रमांकासह बिल असावे, म्हणजे उद्या कुणाला बाधले तर माल कुठून आला ते शोधता येईल. सुटी दळलेली पूड औषध म्हणून विकणे पूर्ण बंद व्हावे. याने माझा खप घटेल. घटणारा खप जर अज्ञानावर चालणारा असेल, तर त्यावर माझा हक्क नव्हताच.

हे सरकार कधी करील ते सरकार जाणे. बिल देणे आणि पूड न दळणे यांसाठी मला कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून तेवढे मी सुरू केले आहे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की तुम्हीही करा. आणि जे विकत घेतात त्यांना सांगणे आहे: लेबलवर परवाना क्रमांक नसेल तर औषध परत ठेवा, बिल मागा, शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. गोळी बंद करायची की नाही, हे मात्र आम्हा दुकानदारांना विचारू नका. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि आमच्याकडून काय घेता तेही त्यांना दाखवा.