हाक मारा, लगेच येतो!

निरोपसमारंभात दिलेला शब्द खरा धरायचा असतो का? आमच्या बँकेत बदली झालेला प्रत्येकजण गळ्यात हार असताना म्हणतो, 'काही लागलं तर हाक मारा.' कुणी मारणार नाही याची खात्री असते, म्हणूनच म्हणतो.

गांधींना ही रीत ठाऊक नसावी. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीला उभे राहून एकही प्रश्न न सुचल्यामुळे खाली बसलेले हे बॅरिस्टर १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे वकिली जमली. १९०१ साली परत निघाले, तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी अट घातली: वर्षभरात गरज पडली तर यायचं. हे 'हो' म्हणाले!

१९०२ साली मुंबईत बिऱ्हाड थाटलं, तेही आमच्या सांताक्रूझला. चर्चगेटचा फर्स्टक्लासचा पास काढला. डब्यात आपण एकटेच, याचा थोडा अभिमान वाटे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. (आज डब्यात एकटा माणूस दिसला, तर गाडी कारशेडला निघालीय असं समजावं.) कधी जलद गाडीसाठी वांद्र्यापर्यंत चालत जात. वकिलीही बरी चालू लागली. तेवढ्यात तार आली: ब्रिटिश वसाहतमंत्री चेंबरलेन येताहेत, ताबडतोब निघा.

तिकडच्यांना शब्द दिला होता, कबूल. पण लग्नातही माणूस काहीतरी शब्द देतोच की! त्याची तार कोण पाठवणार? गांधी बायकामुलांना इथे ठेवून निघाले. माणूस थोर, वादच नाही. आम्हाला आपले लहान प्रश्न पडतात: पासाचे किती दिवस बाकी होते?