न पाहिलेल्या पडद्याचे ज्ञान

दूरगावच्या नातेवाइकाच्या संगणकातली जागा भरते आणि त्याला फोनवरून मदत करायची वेळ येते, तेव्हा ज्ञानमीमांसेतला एक जुना पेच उभा राहतो. ज्याला संगणक कळतो त्याला पडदा दिसत नाही. ज्याला पडदा दिसतो त्याला त्यातले महत्त्वाचे काय ते कळत नाही. मग मदत करणाऱ्याला जे कळते, ते कशाच्या बळावर?

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानते. फोनवरच्या भाच्याला प्रत्यक्षाची वाट बंद असल्याने त्याची भिस्त शब्दावर, म्हणजे आप्ताच्या सांगण्यावर असते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण असे केले आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना हे लक्षण सारखेच लागू. विद्वत्तेची अट नाही. त्यामुळे या व्यवहारात आप्त ठरतात ते संगणकाला बिचकणारे मामा. जाणकार भाचा नव्हे.

अडचण अशी की मामा पाहिलेले सांगत नाहीत, निष्कर्ष सांगतात. ‘अरे, कॉम्प्युटर फुल झालाय’ हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. अशा वेळी ‘मामा, काय झालंय ते राहू द्या; खिडकीत काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचा’ एवढे म्हटले की चित्र पालटते. सी ड्राइव्हखालची पट्टी लाल आहे, 118 जीबीपैकी 2 जीबी मोकळे आहेत आणि डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे. म्हणजे संगणक भरलेला नाही, त्याचा एक कप्पा भरला आहे. ‘मशीन स्लो झालंय, म्हणजे जागा संपली’ हेही असेच फसवे अनुमान. संथपणा रॅम अपुरी पडल्यानेही येतो. असा सैल हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार.

याहून बिकट प्रश्न अभावाचा. ‘फोल्डरमध्ये काहीच नाही रे’ या वाक्यावर किती विसंबावे? कुमारिल भट्टाच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. विंडोजमध्ये ही अट पुष्कळदा पाळली जात नाही. ॲपडेटा हे फोल्डर मुळातच लपवलेले असते. संगणक हायबरनेट करण्यासाठी राखलेली, कित्येक जीबींची फाइलही सहसा नजरेस पडत नाही. मामांना न दिसणे हा या गोष्टी नसण्याचा पुरावा नव्हे. उलट प्रकारही घडतो. वनड्राइव्हवरच्या फाइलींची नावे फोल्डरमध्ये दिसतात, पण मजकूर संगणकात उतरलेलाच नसतो. त्या पुसून जागा मोकळी होत नाही. मूळ प्रत मात्र वनड्राइव्हवरूनही हटते.

मिळालेले ज्ञान खरे कशावरून, यावर दोन पक्ष आहेत. मीमांसक म्हणतात, बाध येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण. नैयायिकांना त्यासाठी बाहेरची कसोटी हवी, मुख्यतः त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफळ होणे. बोलणे पुढे सरकायचे तर मीमांसकांची वाट बरी. मामांच्या दर वाक्यावर शंका घेतली तर फोन संपायचा नाही, आणि मामाही तापतील. पुसण्याच्या बाबतीत मात्र नैयायिकांचेच ऐकावे. ‘पुसलं सगळं’ असे मामा सांगतात, पण मोकळी जागा 2 जीबीच राहते, कारण फाइली रिसायकल बिनमध्ये जाऊन पडलेल्या असतात. आकडा वाढेपर्यंत ज्ञानावर शिक्का बसत नाही.

क्विक असिस्टसारख्या साधनाने मामांचा पडदा भाच्यापुढे उघडतो आणि प्रत्यक्षाची उणीव बरीचशी भरून निघते. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकाचेही समाधान व्हावे. पण पेच आता मामांच्या बाजूला सरकतो: माउस दुसऱ्याच्या हाती देताना त्यांना भाच्याच्या शब्दावर विसंबावे लागते. बँकेचे नाव सांगून लुबाडणारेही नेमके असेच पडदे उघडायला लावतात, आणि संगणक तर त्यांनाही चांगला कळतो. वात्स्यायनाच्या लक्षणातले जाणणे त्यांच्याकडे असते. जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा नसते.