सुराचा दोष

खरं बोलावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पण ते कुठल्या सुरात बोलावं, हे कुणी शिकवत नाही. किरकिऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं सत्य हे सत्यच असतं, की नुसती किरकिर? हा प्रश्न मला परवा रात्री पडला, तो एका रेडिओ-नाटकाचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकताना.

अमेरिकेत १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षं 'सस्पेन्स' नावाची रहस्यश्रुतिकांची मालिका लागत असे. त्यातली 'सॉरी, राँग नंबर' ही २५ मे १९४३ची. लेखिका ल्युसिल फ्लेचर. न्यूयॉर्कमधली एक आजारी बाई अंथरुणातून नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावत असते. क्रॉस कनेक्शन लागतं आणि दोन पुरुषांचा बेत तिच्या कानी पडतो : रात्री सव्वाअकराला, पुलावरून आगगाडी धडधडत जाताना, एका बाईचा खून करायचा. बाई ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. पण सांगते कशी? ओरडून, रडून, हुकूम सोडून. अ‍ॅग्नेस मूरहेडने ती अशी काही वठवली आहे, की थोड्या वेळाने मीच मनात म्हणालो, 'बाई, ठेव आता तो फोन!' पोलिसालाही तसंच वाटतं. आणि खून होतो तो तिचाच. (शेवट फोडला खरा, पण ऐंशी वर्षांत ज्यांनी ऐकलं नाही, ते आता काय ऐकणार?)

खुन्याइतकाच तिला ऐकणाऱ्यांचा कंटाळा नडला, आणि त्या कंटाळ्यात मीही सामील होतो.

मला आमच्या सोसायटीतले नाना आठवले. पाणी, कबुतरं, लिफ्ट, नानांची तक्रार नाही असा विषय नाही. मागे एकदा रात्री त्यांचा फोन आला, ''अहो, जिन्यात जळका वास येतोय.''

''बरं बरं, सकाळी बघू हं, नाना,'' असं म्हणून मी कूस बदलली. सकाळी पाहिलं, तर मीटरच्या वायरी जळून काळ्या ठिक्कर पडलेल्या. थोडक्यात निभावलं. नाना बरोबर होते. फक्त नाना होते, एवढाच त्यांचा दोष.

परवा नाटक दुसऱ्यांदा ऐकत असतानाच पुन्हा नानांचा फोन. पुन्हा जळका वास. या वेळी मी ताडकन उठलो. जिना धुंडाळला, मीटर तपासले, गच्चीपर्यंत जाऊन आलो.

वास आमच्याच स्वयंपाकघरातून येत होता. दुधाकडे लक्ष ठेवा, असं मला बजावून बायको झोपायला गेली होती. तिनेही ते जरा किरकिऱ्या सुरातच सांगितलं होतं.