शब्द आणि त्याची रूपे: खरे काय, कल्पित काय?

‘पाण्यात’ या पदाचे व्याकरण दोन भाग पाडते: ‘पाण्या’ हे सामान्यरूप आणि ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय. बोलणाऱ्याच्या तोंडी यांपैकी कोणताही भाग सुटा येत नाही. मग हे भाग भाषेत मुळातच असतात, की वैयाकरणाने सोयीसाठी कल्पिलेले असतात? भारतीय दर्शनांत हा प्रश्न ‘शब्द नित्य की अनित्य’ या वादाशी जोडला गेला.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या मते शब्द सिद्धच असतात. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो; शब्द घडवून घ्यायला वैयाकरणाकडे कोणी जात नाही. व्याकरणाने फक्त त्यांची व्यवस्था लावायची. ती एकेक शब्द सांगून लागत नाही. बृहस्पती इंद्राला हजार दिव्य वर्षे शब्द सांगत राहिला, तरी ते संपले नाहीत, अशी कथा त्याच्या ‘महाभाष्या’त आहे. म्हणून सामान्य नियम आणि त्यांचे अपवाद हवेत. पाणिनीच्या व्याकरणाची सुमारे ४,००० सूत्रे याच पद्धतीने रचलेली आहेत. धातुपाठ आणि गणपाठ त्यांना पूरक आहेत.

पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त पुढचे पाऊल टाकले. वाक्य आणि त्याचा अर्थ अखंड असतो. वाक्यातून पदे आणि पदातून प्रकृती (मूळ अंश) व प्रत्यय वेगळे काढणे हा ‘अपोद्धार’, म्हणजे बुद्धीने केलेले पृथक्करण. भाग खरे नसले, तरी शिकणाऱ्याला सत्याकडे नेणारी वाट तीच. भाट्ट मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते पदे आपापले अर्थ सांगतात आणि त्या अर्थांच्या अन्वयातून वाक्यार्थ होतो. नैयायिक तर शब्दच अनित्य मानतात. अर्थाशी त्याचा संबंध संकेताने ठरतो.

या परंपरेच्या अभ्यासाचे पुणे हे मोठे केंद्र. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या कीलहॉर्न यांनी महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती काढली; काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारलेली तिची आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. अभ्यंकर आणि वि. प्र. लिमये यांनी संपादिलेले ‘वाक्यपदीय’ १९६५ मध्ये पुणे विद्यापीठाने छापले.

डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे १,५०० ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. असा कोश एकेक शब्द नोंदवतो. पण ‘देवः’, ‘देवेन’, ‘देवानाम्’ ही रूपे ‘देव’ या एकाच प्रातिपदिकाखाली आणायची, तर आधी प्रत्यय वेगळे करावेच लागतात. उलट, नोंदीतला अर्थ ठरतो तो ग्रंथांतल्या वाक्यांवरून. म्हणजे शब्द शोधण्यासाठी विभाग लागतो आणि त्याचा अर्थ ठरवण्यासाठी वाक्य. प्रकृती-प्रत्यय कल्पित मानले, तरी कोशकाराला ते टाळता येत नाहीत. मात्र तेवढ्यावरून ते स्वतंत्रपणे अस्तित्वात आहेत, असेही सिद्ध होत नाही.